बोगारवेसचा बसथांबा: चौकात ठेवायचा की चौकातून काढायचा? एक प्रकरण अभ्यास

बेळगावात धर्मवीर संभाजी चौकातल्या कोंडीचा विषय निघाला की बोलणं फिरून फिरून सिटी बसच्या थांब्यावर येतं. ‘थांबा पुढं सरकवा, चौक मोकळा होतोय बघा.’ हे मी दुकानदारांकडून ऐकलंय, रिक्षावाल्यांकडून ऐकलंय आणि वर्षानुवर्षं बसमध्ये पाय न ठेवलेल्या स्नेह्यांकडूनही ऐकलंय. थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडून मात्र कधीच ऐकलेलं नाही. तेवढ्यासाठीच हा प्रश्न मुळापासून तपासावासा वाटला. माझं मत आधीच सांगून टाकतो: थांबा चौकातच राहिला पाहिजे. हलवायचं ते दुसरंच काहीतरी आहे.

आधी जागा. बोगारवेस हे जुनं नाव अजून सगळ्यांच्या तोंडी आहे, पाटीवर आणि पत्त्यावर धर्मवीर संभाजी चौक. चन्नम्मा चौकातून निघालेला कॉलेज रोड लिंगराज कॉलेजवरून इथं येतो, खानापूर रोडनं गोवावेस आणि टिळकवाडीकडे जाता येतं, रामलिंगखिंड गल्लीतून जुन्या गावात शिरता येतं. किर्लोस्कर रोड, रामदेव गल्ली, हुतात्मा चौक हा सगळा बाजाराचा भाग पायी अंतरावर. चौकात संभाजी महाराजांचा पुतळा. गणपती विसर्जनाची मिरवणूक हुतात्मा चौकातून निघून कपिलेश्वर तलावाकडे जाते ती याच चौकातून. जवळच्या हुतात्मा चौकात १७ जानेवारी १९५६ च्या हुतात्म्यांना दरवर्षी अभिवादन होतं. सीमाभागातल्या मराठी माणसाचं सार्वजनिक आयुष्य या चार-सहा रस्त्यांवर घडलेलं आहे, आणि त्या आयुष्यातला एक मोठा हिस्सा बसची वाट बघण्यात गेलेला आहे. पुतळ्याइतकाच थांबाही या चौकाचा भाग आहे, असं मी म्हणतो ते यामुळे.

संध्याकाळी पाच ते सात या वेळात तिथं कोण असतं? शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरकडे जाणारे. कॉलेजची पोरं, दुकानात कामाला येणाऱ्या मुली, दवाखान्यातून परतणारी म्हातारी माणसं, आणि शनिवार असेल तर बाजार करून निघालेली अख्खी कुटुंबं. यात बायका जास्त. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्यातल्या महिलांना साध्या बसचा प्रवास फुकट आहे. तेव्हापासून पूर्वी चालत जाणाऱ्या किंवा घरीच बसणाऱ्या अनेक जणी बसनं येऊ-जाऊ लागल्या. थांब्यावरची गर्दी वाढली, पण उभं राहायची जागा आहे तेवढीच आहे.

आता एकच बस येताना बघू. माझ्या दृष्टीनं सगळं प्रकरण या अर्ध्या मिनिटात आहे.

थांब्याच्या समोर, जिथं बसनं फुटपाथला लागून उभं राहायचं, तिथं दुचाकी लावलेल्या आहेत. त्यांच्या पुढे दोन रिक्षा, प्रवाशांची वाट बघत. एका ‘छोटा हत्ती’ टेम्पोतून माल उतरतोय. बस आली. चालकाला कडेला घेता येत नाही, म्हणून तो रस्त्याच्या मध्यावरच थांबतो. थांब्यावरची माणसं दुचाकींच्या फटीतून वाट काढत रस्त्यावर उतरतात. पुढं असलेली एक येळ्ळूरची मावशी, कडेवर रिकामी बुट्टी म्हणजे टोपली, बसची पाटी कन्नडमध्ये आहे म्हणून ओरडून विचारते, ‘ओ मास्तर, येळ्ळूर काय?’ ‘होय होय, चढा लवकर.’ ती आधी बुट्टी आत सरकवते, मग दांडा धरते, मग पाय उचलते. फुटपाथवरून चढायचं असतं तर पायरी वीतभर कमी झाली असती. ती रस्त्यावरून चढतेय, त्यामुळे पहिली पायरी तिच्या गुडघ्याला लागते. तिच्या मागे दोन म्हाताऱ्या आहेत. तोवर बसच्या मागं दोन कार, चार रिक्षा, पंचवीस मोटारसायकली हॉर्न वाजवत उभ्या.

लांबून बघणाऱ्याला काय दिसतं? बस थांबली आणि चौक तुंबला. दोष थांब्याचा.

जवळून बघितलं तर साखळी उलटी लागते. बस मध्येच थांबली, कारण कडेची जागा अडलेली होती. चढायला वेळ लागला, कारण माणसं रस्त्यावरून चढली. आणखी वेळ लागला, कारण पाटी वाचता येत नाही म्हणून प्रत्येक तिसऱ्या माणसाला विचारावं लागलं. बारा मीटर लांबीची बस कडेला नीट लागायची असेल तर तिला स्वतःच्या लांबीपेक्षा बरीच जास्त जागा लागते: आत वळायला थोडी, बाहेर पडायला थोडी. अंदाजे पंचवीस-तीस मीटर कडा सलग मोकळी हवी. ती मिळाली तर मागची वाहनं बसच्या बाजूनं निघून जातात आणि मावशी फुटपाथवरून चढते. बोगारवेसला तेवढी कडा आहे. ती उभ्या वाहनांना दिलेली आहे, एवढंच.

थांबा दोन-तीनशे पावलं पुढे नेला तर काय होईल, तेही कुठल्याही शहरात बघायला मिळतं. बाजारातून ओझं घेऊन येणारी माणसं तेवढं चालत नाहीत. कोपऱ्यावर जिथं रस्ता वळतो तिथंच उभी राहतात आणि हात करतात. चालक ओळखीचा असतो, तो थांबतो. म्हणजे अधिकृत थांबा एका ठिकाणी ओस, आणि खरा थांबा ऐन वळणावर, जिथं तो सगळ्यात धोक्याचा. कोंडी तीच, वर छप्पर गेलं आणि बाकडंही गेलं.

थांब्यामुळे पुतळ्याचं दर्शन झाकतं, हा दुसरा आक्षेप. यात तथ्य असू शकतं. निवाऱ्याचं छप्पर आणि त्यावरची जाहिरातीची पाटी चुकीच्या बाजूला असेल तर चौकात येणाऱ्याला आधी जाहिरात दिसते, मग महाराज. पण हा प्रश्न निवारा कसा बांधायचा याचा आहे. पाठीमागची पत्र्याची भिंत काढून बारीक खांब आणि पातळ छप्पर ठेवलं, जाहिरातीला परवानगी दिली नाही, तर नजर आरपार जाते. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे डिजिटल फलक चौकाला जेवढं झाकतात त्याच्या निम्मंही बसथांबा झाकत नाही, आणि त्या फलकांबद्दल तक्रार करताना मी फार थोड्यांना पाहिलंय.

इथं एका परक्या शहराची गोष्ट सविस्तर सांगणार आहे. आपल्यासमोर आहे तोच प्रश्न त्यांच्यापुढे होता आणि त्यांनी उलट दिशेनं उत्तर दिलं.

फ्रान्सच्या पूर्व सीमेवर स्ट्रासबर्ग आहे. तीन लाखांच्या आतली वस्ती, म्हणजे बेळगावपेक्षा लहानच. जुनं गाव नदीच्या दोन फाट्यांमधल्या बेटावर. त्या बेटाला १९८८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. बेटाच्या मधोमध क्लेबेर चौक. मधे नेपोलियनच्या काळातले फ्रेंच सेनापती जनरल क्लेबेर यांचा पुतळा. ते याच गावचे, १८०० मध्ये कैरोत मारले गेले आणि त्यांचे अवशेष पुतळ्याखालीच ठेवलेले आहेत. तिथल्या लोकांच्या मनात या चौकाचं स्थान काय असेल, हे बेळगावकराला वेगळं समजावून सांगायला नको.

या गावात १८७८ पासून ट्राम होती, आधी घोड्यांची, मग विजेची. १९६० मध्ये ती बंद झाली. कारण तेच जे जगभर दिलं गेलं: ट्राम थांबते, मोटारींची वाट अडवते, जुनी झाली. आपल्याकडे मुंबईतही हेच झालं. १८७४ मध्ये घोड्यांवर सुरू झालेली आणि १९०७ मध्ये विजेवर गेलेली ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची धावली. आता तिची आठवण ‘दादर टीटी’, म्हणजे ट्राम टर्मिनस, या नावात तेवढी उरली आहे. ट्राम काढल्यावर रस्ते मोकळे होतील असा हिशेब होता. मुंबईचं काय झालं ते आपण बघतोच. स्ट्रासबर्गचं असं झालं की ऐंशीच्या दशकात त्या ऐतिहासिक चौकातून रोज पन्नास हजारांच्या आसपास मोटारी जाऊ लागल्या. चौक म्हणजे मोटारींचा बोळ झाला, आणि पुतळ्यापर्यंत चालत जायचं तर जीव मुठीत धरून.

मग दोन पर्याय पुढे आले. एक, जमिनीखालून चालकाशिवाय धावणारी मेट्रो. माणसं खाली जातील आणि वरचा रस्ता मोटारींना राहील. बऱ्याच व्यापाऱ्यांना हा पर्याय बरा वाटत होता. गिऱ्हाईक मोटारीतून येतं, मोटार अडवली तर दुकान बसेल, ही त्यांची भीती. दुसरा पर्याय, ट्राम परत आणायची, तीही जमिनीवरून, चौकाच्या कडेनं. १९८९ ची नगरपालिकेची निवडणूक याच मुद्द्यावर गाजली. ट्रामची बाजू घेणाऱ्या कातरीन त्रोतमान निवडून येऊन महापौर झाल्या.

त्यांनी कामांचा क्रम कसा लावला तो बघण्यासारखा आहे. ट्राम यायच्या आधी, १९९२ मध्येच, क्लेबेर चौकातून आरपार जाणारी मोटारींची वाहतूक बंद केली. गावाच्या या टोकाकडून त्या टोकाला जायचं असेल तर बाहेरून जा. आत काम असेल तर आत या, पण मधून पार होता येणार नाही. गावाबाहेर वाहनतळ केले आणि तिथं गाडी लावण्याच्या पैशातच गाडीतल्या सगळ्यांचं ट्रामचं जाण्यायेण्याचं तिकीट घातलं. मग नोव्हेंबर १९९४ मध्ये ट्राम सुरू झाली. चौकाला लागूनच मुख्य थांबा, ‘ओम द फेर’. वरती काचेचं भलंमोठं गोल कडं, खाली चहूबाजूंनी मोकळं. २००० मध्ये आणखी मार्ग सुरू झाले आणि ते याच थांब्यावर पहिल्या मार्गाला येऊन छेदू लागले. आज शहरातलं गाडी बदलायचं मुख्य ठिकाण तेच. म्हणजे शहरातला सगळ्यात गजबजलेला थांबा त्यांनी सगळ्यात मानाच्या चौकाला चिकटवून ठेवला, आणि चौक त्यामुळे मोकळा झाला. नाताळात तिथं उंच झाड उभारतात, बाजार भरतो, माणसं पुतळ्याच्या पायऱ्यांवर बसतात.

ट्रामचा तळ जमिनीपासून साधारण ३५ सेंटीमीटरवर, आणि फलाट त्याच्या बरोबरीला. चाकांची खुर्ची, बाळाची गाडी, काठी टेकणारा माणूस, सगळे सपाटीवरून आत जातात. चढण्याला वेळच लागत नाही, म्हणून ट्राम थांब्यावर अडकून पडत नाही. आपल्याकडे शहर बससाठी जी प्रमाणकं आहेत त्यांत तळाची उंची ४००, ६५० आणि ९०० मिलिमीटर अशा प्रकारांत येते. साध्या उंच बसला फलाट जुळवणं शक्य नाही हे मान्य. पण फुटपाथची कडा सरळ आणि वीतभर उंच असली, आणि बस तिला टेकून उभी राहिली, तर येळ्ळूरच्या मावशीची निम्मी अडचण संपते. त्याला काचेचं कडं लागत नाही.

स्ट्रासबर्गमध्ये आणखी एक गोष्ट आहे जी आम्हा सीमाभागातल्या माणसांनी लक्ष देऊन बघावी. ते शहर १८७१ मध्ये जर्मनीकडे गेलं, १९१८ मध्ये फ्रान्सकडे आलं, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीनं घेतलं, १९४४ मध्ये परत फ्रान्सचं झालं. राज्यकारभाराची भाषा फ्रेंच, घरात जुन्या माणसांची बोली अल्सासी, जर्मनच्या जवळची. तिथं जुन्या गावातल्या रस्त्यांच्या पाट्यांवर दोन्ही नावं आहेत. क्लेबेर चौकाच्या पुढच्याच ट्रामथांब्याचं नाव दोन्ही भाषांत मिळून लिहिलेलं आहे, ‘लांगश्ट्रोस ग्रांद र्यू’. त्यामुळे फ्रान्सचं काही कमी झालं नाही. २०१७ पासून तर तिथली एक ट्राम ऱ्हाईन नदी ओलांडून थेट जर्मनीतल्या केल गावाला जाते. आमच्याकडे सीमावादावरून तणाव झाला की पहिल्यांदा कोल्हापूर-बेळगाव एसटी बंद पडते, आणि अडकते ती चंदगडची पोरगी, जी इथं कॉलेजला आहे.

बसच्या पाटीचा प्रश्न मी भावनेचा म्हणून मांडत नाही. भावना आहेच, आणि ती लपवायचं कारण नाही. पण पाटी वाचता न आल्यामुळे प्रत्येक बसला जे सेकंद जातात ते सगळ्यांचे जातात, कन्नड माणसाचेही. बसचा क्रमांक मोठ्या अंकांत, खाली कन्नडमध्ये ठिकाण, त्याखाली मराठीत ठिकाण: एवढं केलं तर विचारणा निम्म्यावर येईल. थांब्यावरच्या खांबावर कुठला क्रमांक कुठं जातो याची यादी दोन्ही लिप्यांत लावायला तर कुणाचीच हरकत नसावी.

आता तुलना कुठं तुटते तेही सांगितलं पाहिजे. स्ट्रासबर्गकडे बाहेरून जाणारा मोठा महामार्ग होता, ट्रामसाठी पैसा होता. बेळगावात ट्राम आणा असं मी म्हणत नाही. पुणे-बंगळूर महामार्ग आपल्याकडेही शहराच्या कडेनं जातो, त्यामुळे त्या मार्गावरची लांब पल्ल्याची वाहनं बोगारवेसला फारशी येत नाहीत. इथली गर्दी मुख्यतः स्थानिकच आहे. ‘रिंगरोड करा म्हणजे सगळं सुटेल’ हे उत्तर तर मी मुळीच देणार नाही. हलगा-मच्छे बायपासला विरोध करणारे शेतकरी वडगाव, शहापूर, येळ्ळूर, माजगावच्या शिवारातले आहेत. तिथली काळी जमीन पिढ्यानपिढ्या भात आणि भाजीपाला देते. बोगारवेसच्या थांब्यावर बुट्टी घेऊन उभी असलेली बाई त्याच घरातली. चौकातल्या मोटारींच्या सोयीसाठी तिचा थांबाही हलवायचा आणि तिची जमीनही घ्यायची, हा कुठला न्याय?

व्यापाऱ्यांची भीती मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. दुकानासमोर दुचाकी लावता आली नाही तर गिऱ्हाईक पुढे निघून जाईल, असं त्यांना वाटतं. स्ट्रासबर्गच्या व्यापाऱ्यांनाही वाटलं होतं, आणि खोदकामाच्या काळात त्यांना त्रास झालाच. पण इथं खोदकाम नाही. प्रश्न फक्त थांब्यासमोरच्या पंचवीस-तीस मीटर कडेचा आहे. त्या कडेवर एका वेळी मावतात त्या तीस-चाळीस दुचाकी, आणि त्यातल्या बऱ्याच दुकानात काम करणाऱ्यांच्याच असतात, सकाळी लावल्या की रात्री निघतात. तेवढ्याच कडेवर बस लागली तर एका बसमधून पन्नास-साठ माणसं उतरतात, आणि तासाभरात अशा किती बस येतात ते दुकानदारानंच दारात उभं राहून मोजावं. ती माणसं पायी आहेत, हात मोकळे आहेत, आणि दुकानासमोरूनच जाणार आहेत.

रिक्षांचंही तसंच. रिक्षा थांब्याजवळ हवीच. बसमधून उतरलेल्या आजारी माणसाला पुढं जायला ती लागते. पण ती थांब्याच्या पुढच्या टोकाला, बसच्या बाहेर पडण्याच्या वाटेच्या पलीकडे उभी राहिली पाहिजे. बसच्या तोंडाशी उभी राहून रिक्षावाल्यांना जे दोन प्रवासी मिळतात ते पलीकडे उभं राहूनही मिळतील. हे त्यांच्या संघटनेशी बसून ठरवायचं काम आहे, पावत्या फाडून होणारं नाही.

मिरवणुकांच्या दिवसांचा मुद्दा राहिला. विसर्जनाला, शिवजयंतीच्या चित्ररथांच्या रात्री बस इथून जाऊ शकत नाहीत, जाऊही नयेत. शिवजयंती आपल्याकडे परंपरेनं वैशाखात होते आणि चित्ररथ बघायला खेड्यापाड्यांतून माणसं येतात. त्यांना परत जायला बस कुठून मिळणार हे दरवेळी तोंडी कळतं, किंवा कळतच नाही. पर्यायी थांबे एकदाच ठरवून त्याच खांबावर कायमचे लिहून ठेवले, की ‘विसर्जनाच्या दिवशी येळ्ळूरची बस इथून’ हे वर्षभर डोळ्यांसमोर राहील. मंडळांच्या कार्यकर्त्यांनीही ते लाऊडस्पीकरवरून सांगावं, त्यांचा आवाज सगळ्यात लांब जातो.

हे सगळं करायला आधी काँक्रीट ओतायची गरज नाही. एक महिना रंगाचे पट्टे आणि हलवता येतील असे खांब लावून कडा मोकळी ठेवा. संध्याकाळच्या दोन तासांत एक माणूस दुर्बल वाटणाऱ्या प्रवाशांना मदत करायला आणि कडा मोकळी ठेवायला उभा करा. कॉलेजचे एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) विद्यार्थीही हे करू शकतात. त्या काळात तीनच गोष्टी वहीत लिहा. बस किती सेकंद थांबली. किती माणसं फुटपाथवरून चढली आणि किती रस्त्यावरून. बसच्या मागे किती वाहनं अडकली. त्याआधीच्या आठवड्यात याच तीन गोष्टी, याच वेळात, काहीही न बदलता लिहून ठेवलेल्या हव्यात, त्यातला एक दिवस शनिवार. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्यावरही थांब्यामुळेच चौक तुंबतो असं दिसलं, तर तो कुठं न्यायचा ते थांब्यावरच्या बायकांना विचारून ठरवावं.